बर्लिन: आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी) न देणारी खोली घ्यावी का?

मिरज_जंक्शन:
ऑक्टोबरपासून टीयू बर्लिन या विद्यापीठात मास्टर्स सुरू होतंय. श्टुडिरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थी सेवा संस्थेच्या) वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, पण सत्राआधी नंबर लागेलसं दिसत नाही. नॉयक्योल्न भागात एका वेगेत (काही जणांनी मिळून राहायच्या सामायिक घरात) खोली मिळतेय. वार्ममीटे (पाणी, हीटिंग धरून भाडं) ६२० युरो, त्यातली काल्टमीटे (नुसतं जागेचं भाडं) ५४०. डिपॉझिट १८६०, आणि तेही भारतातून निघण्याआधी भरायचं. मूळ भाडेकरू म्हणतो, आनमेल्डुंग जमणार नाही, बाकी काही अडचण नाही. श्पेरकोन्टोत (व्हिसासाठीच्या, दरमहा ठरावीक रक्कमच सुटणाऱ्या बँक खात्यात) ११,९०४ युरो भरून झालेत. घेऊ का?

रिंगबान:
घेऊ नका. अडचण आहे ती तिथेच आहे.

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ब्युर्गरआम्टमध्ये (नागरी सेवा कार्यालयात) पत्ता नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसता भाडेकरार चालत नाही. घर देणाऱ्याच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहता असं पत्र, लागतं. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी श्टॉयर-आयडी (कर क्रमांक) टपालाने येतो. तो नसेल तर अर्धवेळ नोकरीत पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जातो. व्हिसा संपण्याआधी रेसिडेन्स परमिटसाठी अर्ज करायचा, तिथेही हा पत्ता विचारतात.

'जमणार नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: पोटभाडेकरू ठेवायला त्याने घरमालकाची परवानगी घेतलेली नाही. मालकाला कळलं तर त्या मूळ भाडेकरूचा करार जाऊ शकतो आणि त्याच्याबरोबर तुमची खोलीही. अशा वेळी 'दोनशे युरोत पत्ता देतो' म्हणणारे भेटतात. जिथे राहत नाही तिथला पत्ता नोंदणीसाठी देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही.

डिपॉझिटही त्याने वार्ममीटेवर काढलंय. कमाल मर्यादा तीन महिन्यांची काल्टमीटे, म्हणजे १६२०. तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. महिनाभर आधी भारतातून नाही.

भाडेकरार_वाचा:
एक दुरुस्ती. १६२० तेव्हाच, जेव्हा करारात पाणी, हीटिंग वगैरेंची रक्कम वेगळी दाखवलेली असते. करारात नुसतं '६२० सर्व धरून' लिहिलं असेल तर तिप्पट ६२० ची होते आणि १८६० कायद्यात बसतात. म्हणून करार मागवा आणि दोन्ही आकडे वेगळे लिहिलेत का ते बघा.

पैशांचंही आधी बघा. श्पेरकोन्टोतून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही तिथे पोचून खातं चालू केल्यावर. पहिल्या महिन्यात भाडं ६२० आणि डिपॉझिटचा हप्ता ५४०, म्हणजे ११६०, जेवणखाण सोडून. ही रक्कम वेगळी न्यावी लागते.

खोली न दाखवता पैसे मागणारा, 'मी परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो' म्हणणारा, व्यवहार ठरण्याआधीच पासपोर्टची प्रत मागणारा: तिघांनाही उत्तर देऊ नका. व्हिडिओ कॉलवर खोलीबरोबर जिना आणि खालची घंटीची पाटीसुद्धा दाखवायला सांगा. चोरलेल्या फोटोंवर धंदा करणारा तिथेच अडकतो.

मिरज_जंक्शन:
मग पहिले दोन-तीन महिने कुठे काढायचे? हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदणी होते का?

स्पांडाऊ_पार:
हॉस्टेलवाले सहसा राहत असल्याचं ते सहीचं पत्र देत नाहीत. त्सविशेनमीटे शोधा, म्हणजे कुणी इंटर्नशिपला किंवा परदेशी सत्राला गेलं की मागे राहिलेली सामानासकट खोली. पहिल्याच संदेशात आनमेल्डुंग मिळेल का ते विचारा.

वेगे-गेझुख्ट या खोल्या शोधायच्या संकेतस्थळावर संदेश जर्मनमध्ये लिहा, सहा-सात ओळी पुरेत: काय शिकता, कधीपासून कधीपर्यंत, स्वयंपाकघर कसं वापरता. जाहिरात शेवटपर्यंत वाचा. काही जण मधेच एक शब्द दडवतात आणि उत्तरात तो नसेल तर पुढे वाचतच नाहीत. 'डिअर सर, आय ॲम इंटरेस्टेड' थेट कचऱ्यात.

आणि नॉयक्योल्न-क्रॉइत्सबेर्गचा हट्ट सोडा, तिथे एका खोलीमागे माणसांची रांग असते. सेमेस्टर तिकिटात सगळं शहर येतं. स्पांडाऊहून यू७ मेट्रोने बिस्मार्कश्ट्रासे, तिथून यू२ ने एर्न्स्ट-रॉयटर-प्लात्स, समोर टीयू.

नोंदणीची टेर्मिन (आधी ठरवलेली भेटीची वेळ) शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये चालते. सकाळी लवकर संकेतस्थळ ताजं करत राहा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा सुटतात. नाहीतर ११५ या सरकारी मदत क्रमांकाला फोन. तारीख १४ दिवसांनंतरची मिळाली तर आरक्षणाची पोच जपून ठेवा.

रिंगबान:
पहिल्याच दिवशी टपालपेटीवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, मग श्टॉयर-आयडी कुठे अडकला ते शोधत बसा.

रुंडफुंकबाइट्रागचं (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं) पत्र आलं तर घाबरू नका. महिन्याला १८.३६ युरो, पण दर घराला, माणशी नाही. वेगेतलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की झालं.

खोली ताब्यात घेताना डाग, भेगा, मीटरचे आकडे फोटोसकट नोंदवून दोघांच्या सह्या घ्या. आणि हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, थंडी वाजली तरी. भात-आमटीची वाफ थंड भिंतीवर बसून बुरशी येते, आणि तिच्यासाठी डिपॉझिट कापलं जातं. बेडरूममध्ये धुराचा अलार्म असणं बर्लिनमध्ये सक्तीचं आहे, म्हणून फोडणीच्या वेळी खोलीचं दार लावून घ्या.