कॅरिबियन बेटांवर नोकरी : कागद, पैसे आणि कुठे अडतं ते लिहा

केमन, त्रिनिदाद, जमैका, बार्बाडोस, ग्रेनाडा... नकाशावर ठिपके जवळजवळ दिसले तरी प्रत्येक बेटाचे नियम, चलन आणि रजिस्ट्रेशन वेगळं. आपापल्या क्षेत्राचं लिहा. समुद्राचे फोटो नकोत, कामाचं हवं.

ऑडिट, ग्रँड केमन

वर्क परमिट तुमचं नसतं, मालकाचं असतं. अर्ज तो करतो, आणि त्याआधी जागा सरकारी पोर्टलवर स्थानिकांसाठी जाहीर करतो. लायक केमनियन अर्जदार आला, तर त्याला का घेतलं नाही हे मालकाला लेखी द्यावं लागतं. म्हणून 'आधी जाऊन मग शोधू' इथे चालत नाही. परमिट त्याच मालकाचं आणि त्याच पदाचं. नोकरी बदलली की नवा अर्ज.

इथलं ऑडिट मुख्यतः गुंतवणूक फंडांचं. त्यांचं वर्ष बहुधा 31 डिसेंबरला संपतं आणि ऑडिट झालेले हिशोब सहा महिन्यांत नियामकाकडे जायला हवेत. जानेवारीत माणूस टेबलावर हवा असतो. कागदांना लागणारे महिने मागे मोजा आणि अर्ज वर्षाच्या मध्यालाच टाका. सीव्हीत 'ऑडिटचा अनुभव 4 वर्षं' एवढंच लिहून भागत नाही. फंड कोणत्या प्रकारचा, मालमत्ता किती, हिशोब आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय) नियमांनी की यूएस गॅप (अमेरिकन) नियमांनी, आणि बाजारभाव नसलेल्या गुंतवणुकीचं मूल्यांकन स्वतः तपासलंय का, हे पहिल्या अर्ध्या पानात यायला हवं. कारखाना आणि बँक ऑडिटचा अनुभव वाईट नाही, पण तो खाली.

ऑफर लेटरमध्ये चलन नीट वाचा. 1 केमन डॉलर म्हणजे 1.20 अमेरिकन डॉलर, दर बांधलेला. महिना 5,000 केमन असेल तर ते 6,000 अमेरिकन होतात. उलटं समजलात तर घरभाड्यालाच फटका. आयकर नाही, पण कपात आहे : पेन्शनसाठी पगाराचे 5 टक्के तुमचे, 5 टक्के मालकाचे. आरोग्य विमा सक्तीचा. तुमच्या हप्त्याचा निम्मा भाग मालक पगारातून कापू शकतो आणि बायकामुलांचा पूर्ण. कुटुंब नेणार असाल तर हा आकडा सही करण्याआधी विचारा.

वरच्यात भर, कागदांबद्दल

महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम निराळा, लग्नानंतर आडनावही निराळं. आपल्याला ती एकच बाई दिसते, तिथल्या कारकुनाला दोन. 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून त्याचंही अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) घ्या. पदवीवर आधी राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. ही पायरी उलटी होत नाही. मूळ पदवी हातात नसेल, नुसतं प्रोव्हिजनल (तात्पुरतं प्रमाणपत्र) असेल, तर विद्यापीठाकडे आजच अर्ज करा, सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. पोलिस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवेतून, फी 500 रुपये. तो मात्र फार लवकर काढू नका, बाकी कागद येईपर्यंत शिळा होतो.

मेकॅनिकल, त्रिनिदाद

काम पॉइंट लिसास या औद्योगिक वसाहतीतल्या अमोनिया आणि मेथॅनॉल प्लांटांमध्ये. गॅसचा पुरवठा कमी पडतो, त्यामुळे कायम जागा कमी आणि शटडाऊनपुरती (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तेवढ्या काळाची) कंत्राटं जास्त. बारा महिन्यांत एकदा 30 दिवसांपर्यंतचं काम वर्क परमिटशिवाय करता येतं. शटडाऊनला येणारे तज्ज्ञ त्यातच बसतात. मात्र 31वा दिवस म्हणजे परमिट, आणि शटडाऊन लांबतोच. कंत्राटात 'काम लांबल्यास परमिटचा अर्ज कोण व कधी करणार' ही ओळ घालून घ्या.

इंजिनिअर म्हणून सही करायची असेल तर तिथल्या इंजिनिअरिंग बोर्डाचं रजिस्ट्रेशन लागतं. सीव्हीत 'रोटेटिंग इक्विपमेंट (फिरणारी यंत्रं) सांभाळलं' यावर कुणी थांबत नाही. 'सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर, ड्राय गॅस सील, दोन पूर्ण ओव्हरहॉल, अलाइनमेंट स्वतः' असं लिहा.

पगाराचं दुखणं वेगळंच. त्रिनिदादी डॉलर हातात येतात, पण परकीय चलनाची टंचाई आहे. घरी पाठवायला बँकेत अमेरिकन डॉलर मागितले तर रांग. पगाराचा काही भाग अमेरिकन डॉलरमध्ये मागून घ्या, सही करण्याआधीच. नंतर कुणी ऐकत नाही.

मेडिकल कॉलेजात शिकवणं, ग्रेनाडा आणि आसपास

अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, पॅथॉलॉजीत एमडी असणाऱ्यांना ही वाट बरी. विद्यार्थी मुख्यतः अमेरिकेचे, लक्ष्य यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा. मुलाखतीत डेमो लेक्चर असतं आणि प्रश्न लिहून दाखवायला सांगतात. आपल्याकडची सवय इथे आडवी येते : 'खालीलपैकी चुकीचे विधान कोणते' किंवा 'वरील सर्व' असा प्रश्न दिलात की परीक्षक नकारार्थी मान हलवतात. रुग्णाचं वय, तक्रार, तपासणी, एक-दोन रिपोर्ट, आणि शेवटी एकच प्रश्न. पर्याय झाकले तरी उत्तर देता यायला हवं. असे दहा प्रश्न तयार ठेवूनच अर्ज करा.

कॉलेजचं अॅक्रेडिटेशन (अधिकृत मान्यता) आधी पाहा. ते नसलेल्या कॉलेजात विद्यार्थी घटले की पहिला गळतो तो प्राध्यापकाचा पगार. शिकवण्याच्या नोकरीवर रुग्ण तपासता येत नाहीत, त्याला बेटाचं वेगळं वैद्यकीय रजिस्ट्रेशन. चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, 2.70 ला 1 अमेरिकन.

जमैका, थोडक्यात

उतरल्यावर पहिलं काम टीआरएन, म्हणजे कर क्रमांक. त्याशिवाय बँकेत खातं अडतं. आयकर 25 टक्के, वर्षाला 60 लाख जमैकन डॉलरवरच्या रकमेला 30. शिवाय गृहनिधी 2 टक्के, शिक्षण कर 2.25 आणि राष्ट्रीय विमा. इन-हँड विचारा, ग्रॉसवर खूश होऊ नका.

घरून काम, बार्बाडोस

वेलकम स्टॅम्प म्हणजे बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम बार्बाडोसमध्ये राहून करण्याचा व्हिसा. 2020 मध्ये सुरू झालेला हा स्टॅम्प 12 महिन्यांचा. वर्षाला किमान 50,000 अमेरिकन डॉलर उत्पन्न हवं. फी एकट्याला 2,000, कुटुंबाला 3,000 डॉलर. यावर स्थानिक कंपनीत नोकरी चालत नाही, म्हणून 'आधी स्टॅम्प, मग तिथे जॉब शोधू' हा बेत सोडा.

प्रवासाचं

मायामीमार्गे तिकीट स्वस्त दिसतं. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशन ओलांडावं लागतं. व्हिसा नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच थांबवतात. ट्रान्झिट व्हिसाची वेळ रुजू होण्याच्या तारखेत आधी धरा.

मिक्सर नेताय? केमनला 120 व्होल्ट, त्यात आपला मिक्सर नुसता कण्हतो, चटणी होत नाही. ग्रेनाडाला 230 आहे, तिथे चालतो, प्लग बदलला की झालं.

आणि त्रिनिदादला असाल तर सुट्टीवर घरी यायच्या किमान दहा दिवस आधी यलो फीव्हरची लस घ्या. पिवळं कार्ड (लस घेतल्याचं प्रमाणपत्र) नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.