लॅमिनिन म्हणजे 'पुढे जा' आणि कॉन्ड्रॉइटिन म्हणजे 'थांब', इतकं सरळ असतं का?

कोवळा_अ‍ॅक्सॉन: परीक्षेसाठी न्यूरो डेव्हलपमेंट वाचतोय. नोट्समध्ये दिलंय की एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्समधलं (पेशींच्या बाहेरच्या जाळ्यातलं) लॅमिनिन हे प्रोटीन अ‍ॅक्सॉनला, म्हणजे न्यूरॉनच्या लांब तंतूला, वाढू देतं आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन (साखरेच्या साखळ्या लागलेली प्रोटीनं) अडवतात. इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच पानावर नेट्रिन नावाचं दिशा दाखवणारं प्रोटीन ओढतं पण आणि ढकलतं पण, मग रेणूंना अशी लेबलं लावून उपयोग काय? शेवटी ठरवतं कोण, पेशी की बाहेरचं मॅट्रिक्स? कोणीतरी नीट सांगा ना

फिलोपोडिया: लेबलं फक्त पाठांतराला बरी. अ‍ॅक्सॉनच्या टोकाला ग्रोथ कोन असतो, काहालने १८९० मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. त्यातून बोटांसारखे बारीक फिलोपोडिया सतत बाहेर येतात, चाचपतात, परत आत जातात. आतलं अ‍ॅक्टिन (पेशीच्या सांगाड्याचे तंतू) सारखं मागे सरकत असतं, त्यामुळे नुसतं अ‍ॅक्टिन वाढून कोन पुढे जात नाही. पेशीच्या पडद्यावरच्या इंटिग्रिन या प्रोटीनने बाहेरचं लॅमिनिन धरलं आणि आतून ते अ‍ॅक्टिनला जोडलं गेलं की मागे सरकणं मंदावतं आणि कडा पुढे ढकलली जाते, गाडीचा क्लच लागल्यासारखं. म्हणजे लॅमिनिन नुसता सिग्नल नाही, पकडसुद्धा आहे, आणि हेच नोट्समध्ये कधी नसतं.

रेटिनावाला: वरचं बरोबर, पण प्रश्न नेट्रिनचा होता. ग्रोथ कोनवर डीसीसी हा रिसेप्टर (बाहेरचा रेणू ओळखणारं प्रोटीन) असेल तर नेट्रिन ओढतं, यूएनसी५ हा दुसरा रिसेप्टर सोबत आला की ढकलतं, ही झाली पेशीची बाजू. आता मॅट्रिक्सची बाजू बघ, १९९९ मध्ये बेडकाच्या रेटिनाच्या अ‍ॅक्सॉनवर प्रयोग झाला होता, फायब्रोनेक्टिनवर वाढणारे अ‍ॅक्सॉन नेट्रिनकडे वळले आणि लॅमिनिनवर ठेवलेले त्याच नेट्रिनपासून लांब पळाले!! लॅमिनिनमुळे ग्रोथ कोनमधलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) कमी होतं म्हणून. रेटिनाच्या पृष्ठभागावर लॅमिनिन असतं आणि ऑप्टिक नर्व्ह सुरू होते तिथे नेट्रिन, दोन्ही एकत्र भेटले की अ‍ॅक्सॉन पृष्ठभाग सोडून नर्व्हमध्ये शिरतो असा प्रयोग करणाऱ्यांचा अंदाज. तेव्हा 'पेशी की मॅट्रिक्स' हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडलाय.

कोवळा_अ‍ॅक्सॉन: भारीच. पण नेट्रिन तर फ्लोअर प्लेटमधून (मज्जारज्जूच्या तळाशी मधल्या रेषेवर असलेल्या पेशींमधून) पसरतं आणि अ‍ॅक्सॉन त्याच्या ग्रेडियंटचा माग काढत येतात ना?

रेटिनावाला: पुस्तकातलं चित्र तेच. पण २०१७ मध्ये उंदरांवर दोन गटांनी दाखवलं की फ्लोअर प्लेटमधलं नेट्रिन काढून टाकलं तरी अ‍ॅक्सॉन बऱ्यापैकी मिडलाइनपर्यंत पोचतात, आणि प्रोजेनिटर पेशींचं (ज्यांच्यापासून न्यूरॉन बनतात त्यांचं) नेट्रिन काढलं तर मात्र गोंधळ होतो. त्यांचं नेट्रिन बाहेरच्या कडेला जाऊन चिकटतं आणि अ‍ॅक्सॉन त्याच्या लगत वाढत जातात. लांबून वास घेण्यापेक्षा हाताने चाचपणं जास्त, असं मला तरी वाटतं. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, मज्जारज्जूत (स्पायनल कॉर्डमध्ये) फ्लोअर प्लेटचाही वाटा दिसलाय.

फिलोपोडिया: कॉन्ड्रॉइटिनचीही हीच गत आहे. पीटीपी सिग्मा नावाचा रिसेप्टर हेपरान सल्फेट या दुसऱ्या साखर-साखळीलाही बांधतो आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटलाही, पहिल्याने वाढ होते, दुसऱ्याने थांबते. मोठेपणी मणक्याला इजा झाली की जखमेत कॉन्ड्रॉइटिनवाले प्रोटिओग्लायकन साचतात, २००२ मध्ये उंदराच्या मणक्यात कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी एन्झाइम सोडून ती साखर छाटली तर काही अ‍ॅक्सॉन पुन्हा वाढले आणि हालचालही थोडी सुधारली.

कोवळा_अ‍ॅक्सॉन: आणि रीलिन? तेही यातच लिहू का

फिलोपोडिया: मॅट्रिक्सचाच रेणू आहे, पण अ‍ॅक्सॉनच्या उत्तरात कोंबू नकोस. कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या आवरणात) ते काहाल-रेट्झियस पेशी सोडतात आणि त्याचं मुख्य काम नवीन न्यूरॉन कुठल्या थरात जाऊन बसायचे ते सांभाळणं. ते नसलेल्या रीलर उंदरात कॉर्टेक्सचे थर जवळपास उलटेच लागतात. मायग्रेशनचा प्रश्न आला की तिथे लिही.