लॅक्टिक आम्लासाठी जिवाणू असताना यीस्ट कशाला?

प्रश्न :
आमच्या आसवनीत मळीपासून यीस्टच्या साहाय्याने अल्कोहोल तयार होते. जैवप्लास्टिकसाठी लागणारे लॅक्टिक आम्ल मात्र यीस्ट निसर्गतः जवळजवळ बनवतच नाही. दह्यातील जिवाणू ते सहज बनवतात. मग जनुके बदलून यीस्टलाच या कामाला जुंपण्याचा खटाटोप का?

प्रतिसाद १ :
खरी डोकेदुखी आंबवण्यात नसून शुद्धीकरणात आहे. माध्यम आम्लधर्मी होऊ लागले की जिवाणू मंदावतात, म्हणून चुना घालत राहावे लागते. त्यातून बनलेल्या कॅल्शियम लॅक्टेटवर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून आम्ल सोडवावे लागते आणि दर टन आम्लामागे सुमारे एक टन जिप्सम उरते, ज्याला फारसा कोणी वाली नसतो. यीस्ट ३ च्या आसपासच्या सामूतही (pH), म्हणजे बऱ्याच आम्लधर्मी माध्यमातही, तग धरते आणि तिथे बहुतांश आम्ल मुक्त रूपातच मिळते.

प्रतिसाद २ :
यीस्टची ओढ मात्र अल्कोहोलकडेच असते. भरपूर साखर मिळाली तर प्राणवायू असतानाही ते तेच बनवते. त्यामुळे लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचे (लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या विकराचे) जनुक नुसते घालून भागत नाही, पायरुव्हेट डिकार्बोक्झिलेजची (अल्कोहोलच्या वाटेवरील विकराची) जनुकेही काढावी लागतात, आणि ती सगळी काढली तर यीस्ट केवळ ग्लुकोजवर नीट वाढत नाही. तरीही खटाटोप सार्थ वाटतो : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धांतिकदृष्ट्या ९२ ग्रॅमच अल्कोहोल मिळते, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होतो, लॅक्टिक आम्ल मात्र पूर्ण १८० ग्रॅम मिळू शकते.

प्रश्नकर्ता :
मग आहे तीच यंत्रसामग्री चालेल का?

प्रतिसाद १ :
आंबवण्याच्या टाक्या कदाचित चालतील, ऊर्ध्वपातनाचे मनोरे नाहीत. हे आम्ल अल्कोहोलसारखे साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळे होत नाही. शिवाय मळीतील रंगद्रव्ये आणि क्षार शुद्धीकरणाला जड जातात, त्यामुळे स्वच्छ साखरच बरी.