शाळेत नाटक-नाच शिकवायला कलाकारच हवेत का?

रंगवेडा:
माझं मत, हवेतच. रोज स्टेजवर उभे राहणारे लोक वर्कशॉप घेतात तेव्हा फरक दिसतो. परवा एका वर्कशॉपला मागे बसलो होतो, तर त्या नटाने रिकामे हात पुढे केले आणि 'धर, जड आहे हं डबा' म्हणून एका पोराच्या हातात दिला, पोराचे खांदे खरंच खाली गेले! मग डबा गोलात फिरला, कोणी झाकण उघडून नाक दाबलं, कोणी आत बघून दचकलं. पाठांतर शून्य. आणि गॅदरिंगला आपण अजून माईककडे तोंड करून संवाद घोकायला लावतो.

खडू_आणि_डस्टर:
मी शिक्षक आहे, त्यामुळे जरा कडू बोलणार. डबा मस्तच, पण चौथ्या दिवशी काय? पाहुणे टाळ्या घेऊन गेले, पोरं तिथेच. आमच्याकडे आलेल्या नृत्याच्या ग्रुपने (नाव नको) पहिल्या तासातच 'तू पुढे, तू मागे' करून टाकलं, कारण शेवटी पालकांना आयटम दाखवायचा होता. मागच्या रांगेतली एक मुलगी तीन दिवस नुसते हात वर-खाली करत होती. चांगला नट म्हणजे चांगला मास्तर असं नसतं.

रंगवेडा:
सर, त्यात दोष त्या शोच्या हट्टाचा जास्त आहे, आणि तो हट्ट शाळाच धरते.

विंगेतून:
मी वर्कशॉप घेते, म्हणून सांगते, दोनशे मुलं, एक हॉल, चाळीस मिनिटं आणि 'मॅडम, शेवटी छोटंसं काहीतरी बसवा ना' असं ऐकलंय मी. मानधनाचं विचारलं की 'मुलांसाठीच तर आहे'. पण सरांचं एक पटतं, शिकवणं हे वेगळं काम आहे. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने 1965 मध्ये थिएटर इन एज्युकेशन, म्हणजे शाळेत नाटकातून शिकवणं, सुरू केलं तेव्हा त्या लोकांना अ‍ॅक्टर-टीचर म्हणायचे, दोन्ही एकाच माणसात. आपल्या एनएसडीचीही (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) 1989 पासून मुलांसोबत काम करणारी वेगळी टीम आहे. म्हणजे सीरियल संपली की रविवारी शाळेत, असा तो प्रकार नाही.

खडू_आणि_डस्टर:
ताई, मग हेही ऐका. ते डब्यासारखे थिएटर गेम्स ज्यांच्यामुळे जगभर गेले त्या व्हायोला स्पोलिन शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करत होत्या, आणि ही खेळातून शिकवायची पद्धत त्यांना नेवा बॉइड नावाच्या शिक्षिकेकडून मिळालेली. मोठ्या नटांनी हे खेळ नंतर उचलले. म्हणजे मुळात माल आमच्याकडून तुमच्याकडे गेलाय :)

रंगवेडा:
हाहा, कबूल. पण मग तो माल शाळेत राहिला का नाही? तुमच्या स्टाफरूममधल्या किती जणांनी हे खेळ स्वतः खेळलेत?

पालक_नंबर_दोन:
मला एकच विचारायचंय, वर्कशॉप चालू असताना वर्गशिक्षक कुठे असतात? आमच्या मुलीच्या वेळी बाहेर वह्या तपासत होत्या. नृत्यात पोझ दुरुस्त करताना हात धरतात, खांदा वळवतात, तिथे मुलांच्या ओळखीचं मोठं माणूस नको का? आणि आधी 'हात लावू का' असं विचारायला काय जातं.

विंगेतून:
शंभर टक्के. मी तर बाईंनाही गोलात उभं करते. पहिल्यांदा लाजतात, आणि बाई चुकल्या की मुलं जी खुलतात ना, ते माझ्या कुठल्याच एक्सरसाइजने होत नाही.

खडू_आणि_डस्टर:
वह्यांचं खरंय, मीही तेच करायचो. आम्हाला कोणी आत बोलावलंच नाही, हेही तितकंच खरं. असो. डबा उद्या करून बघतो, पण मी गणिताचा माणूस, जड आहे म्हटल्यावर किती किलो ते विचारणार.

रंगवेडा:
सर, नका हो, पोरं डबा टाकून पळतील.