प्रति: पट्टा नको, पावलं मोजा

सुरुंग पेरलेल्या जमिनीतून चालण्याचा धोका संगणकावर काढायला वरच्या पोस्टमध्ये ‘सुरुंगांची घनता गुणिले चाललेल्या पट्ट्याचं क्षेत्रफळ’ हे सूत्र दिलंय. ते सलग जमीन दाबत जाणाऱ्या वाहनाला ठीक, माणसाला नाही. 100 चौ.मी.मागे 1 सुरुंग, वाट 100 मीटर आणि पट्टा अर्धा मीटर धरला, तर पट्ट्यात सरासरी अर्धा सुरुंग येतो, आणि निदान एक तरी असण्याचा धोका 39 टक्के. पण दाबाने फुटणाऱ्या सुरुंगावर पाऊल पडावं लागतं. 75 सेंमीवर एक म्हणजे 133 पावलं. बूट 28 बाय 10 सेंमी, सुरुंगाचा व्यास 8 सेंमी. बुटाची कड चहूबाजूंनी 4 सेंमी वाढवली की दर पावलाची धोक्याची जागा सुमारे 0.063 चौ.मी. भरते. म्हणजे धोका साधारण 8 टक्के. हा आकडा दिलासा देणारा मुळीच नाही: वेगवेगळ्या वाटांनी दहा जण गेले तर कोणीतरी सापडण्याची शक्यता 57 टक्के होते. तारेला अडकून फुटणाऱ्यांना तर तारेची पूर्ण लांबी धरायलाच हवी.

दुसरं, गणितात सुरुंग विखुरलेले धरू नका, ओळींत धरा. ओळींना काटकोनात जाताना सरासरी तीच राहते, पण ओळीच्या बाजूने चालणाऱ्याचं गणित पार बदलतं. जुन्या नकाशावरचे बिंदूही थोडे हलवून बघा. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवर 1982 च्या युद्धातले सुरुंग काढायला 2020 उजाडलं. तिथल्या किनाऱ्यांवर वाळूच सरकली होती. आणि संगणकावरच्या हजार काल्पनिक फेऱ्या अपुऱ्या आहेत. 8 टक्क्यांचा अंदाज 95 टक्के खात्रीने अर्ध्या टक्क्याच्या आत हवा तर किमान 11-12 हजार लागतात.