नववीतल्या पोराच्या कंपासपेटीत खर्रा (सुपारी, तंबाखू अन् चुना घोटलेला) सापडला. मी स्वतः खातो. काय बोलू?

कोळसावाला
वणीजवळ राहतो, खाणीवर ट्रक चालवतो. पोरगं नववीत, वय १४. परवा हिनं दप्तर धुवायला काढलं तर कंपासपेटीत कर्कटकाखाली पन्नीची गाठ. उघडायची गरजच पडली नाही, वास आधी आला. अर्धा खाल्लेला, वर रबर लावलेलं. दोन वेढे अन् एक पीळ. रबर लावायची ती तऱ्हा माझीच.

आता एकेक आठवून राहिलं. दिवाळीपासून त्याला तिखट चालत नव्हतं. ठेचा सोडाच, फोडणीच्या वरणालाही "तोंड भाजते" म्हणायचा. हिला वाटलं उष्णता झाली, सब्जा पाजला, गुलकंद दिला. मी म्हटलं नखरे आहेत.

मारायला हात उचलला होता, पण तेव्हा माझ्याच गालात खर्रा. थुंकायला मोरीत गेलो अन् तिथंच उभा राहिलो. बावीस वर्षं झाली मला. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून धरला, मग दिवसाही सुटला नाही. आणखी एक, जे कोणाला सांगितलं नाही. पोरगं चौथीत असल्यापासून टपरीवर मीच त्याला पाठवायचो. "बाबांच्या नावावर एक घोटून दे म्हण." उरलेल्या चिल्लरचं चॉकलेट त्याचं.

दोन प्रश्न. तिखट न चालणं हे काही गंभीर आहे का? अन् मी कोणत्या तोंडानं त्याला सांगू? "प्रेमानं समजवा" नको, ते व्हॉट्सॲपवर रोज येतं.

दातवाली
दादा, मी नागपुरात दंतवैद्य आहे, म्हणून फक्त पहिल्या प्रश्नाचं बोलते. हे नखरे नसावेत. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक आणि पांढुरकी होत जाते, तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडणं कमी होत जातं. याला आम्ही सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनंही होतो. "मी साधी सुपारी खातो" असं सांगणारे रोज भेटतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवून वीस वर्षं होऊन गेली.

घरी एवढं करा. त्याला त्याचीच तीन बोटं जोडून, उभी, पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. सहज गेली पाहिजेत. नंतर उजेडात गालाची आतली बाजू बघा, गुलाबी आहे की पांढुरकी. काहीही दिसो, डॉक्टरकडे न्याच. आग होते हेच कारण पुरेसं आहे. आखडलेलं सगळं परत येत नाही, पण सुरुवातीला खाणं थांबलं तर पुढचं बरंच टळतं. काहींमध्ये यातूनच कॅन्सर होतो, हेही सांगून ठेवते.

माझ्याकडे कॉलेजातला एक मुलगा आला होता. तक्रार काय, तर पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. कॅन्सरला घाबरून कोणी येत नाही हो, पाणीपुरीसाठी येतात.

खडूफळा
राग मानू नका. शाळेपासून १०० यार्डांत आणि १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर लहान मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड आहे. टपरीवाल्यावर बोट दाखवाल तेव्हा तो विचारेल, पाठवलं कोणी?

आमच्या शाळेत आम्ही टेपनं मोजून पिवळी रेघ मारली. टपरी रेघेच्या पलीकडे चार पावलं सरकली आणि तिथंच थाटली. असो.

वर्गात ओळखायची माझी खूण वेगळी आहे. लांब सुट्टीनंतर हजेरी घेतो. जो "हजर सर" न म्हणता नुसता हात वर करतो, त्याच्या तोंडात माल असतो. एकटा कधीच नसतो, चौघांच्या वर्गणीतून एक पन्नी येते. २०१९ च्या देशभरच्या सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या दर शंभरात आठ-नऊ मुलं तंबाखूचं काही ना काही घेणारी निघाली होती. म्हणून त्या चौघांचे बाप एकदा एका ओट्यावर बसवा. एकट्याला सोडायला लावाल तर लांब सुट्टीत बाकीचे तीन असतातच.

सुटलेला
काका, मी आठवीत सुरू केला, बारावीत सुटला. बाबांनी पट्ट्यानं मारलं तेव्हा मी फक्त लपवायची जागा बदलली. कंपासपेटीतून सायकलच्या सीटखाली.

पहिले चार दिवस डोकं ठणकतं, आईवर उगाच ओरडतो माणूस. खिशात भाजलेले चणे ठेवायचो, गालाला काम पाहिजे असतं. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे. मी चेष्टा म्हणून लावला होता. नंतर तेच फोन करून विचारायचे, आज खाल्ला का? खोटं बोलायला लाज वाटायला लागली.

अन् काका, तुम्ही खात राहिलात तर तो सोडणार नाही. घरात वास येतो ना.

कोळसावाला
रात्री जेवण झाल्यावर केलं. त्याची तीन गेली, तिसरं जरा घासून. गाल मला धड समजला नाही, बॅटरी हिच्या हातात होती अन् हात हलत होता.

मग तो म्हणे, "बाबा, आता तुम्ही."

माझी दोन. तिसऱ्याचं नखही शिरलं नाही. मला वाटलं हसेल, हसला नाही. बॅटरी घेऊन माझ्याच तोंडात बघत राहिला.

मास्तर, बाकीच्या तिघांची नावं त्यानं दिली नाहीत, मीही ओढून काढली नाहीत. एकाचा बाप माझ्याच पाळीत आहे, एवढं कळलं. टपरीवर जाऊन सांगून आलो, याला द्यायचं नाही अन् माझ्या नावावरही नाही. तो म्हणे, "आधी ६४० ची उधारी द्या." दिली.

सोमवारी दोघांनाही दाखवायला नेतो. मॅडम, तोवर त्याला चणे टोचतात म्हणे. बडीशेप चालेल का?

दातवाली
चालेल, पण थोडी. झोंबली तर तीही बंद. सोमवारी त्याला आधी बसवा, खुर्चीत तुम्ही नंतर.