दहा मिनिटं बोलायचंय, पहिलं वाक्यच सापडत नाहीये. मदत हवी आहे, तातडीने!

वरसोलीची_माई
नमस्कार. २२ तारखेला आमच्याकडे बाईंच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे आणि मला दहा मिनिटं दिली आहेत. तीन दिवस वही घेऊन बसतेय, लिहितेय आणि खोडतेय. समितीतल्या काकूंनी सुरुवातीचं वाक्य लिहून दिलंय. ते म्हटलंच पाहिजे असा त्यांचा आग्रह आहे, आणि ते माझ्या तोंडून निघणार नाही. दुसरी सुरुवात सुचवा. ‘नेटवर शोधा’ असं कृपया सांगू नका, शोधून झालंय.

सुरूबन
कोण बाई?

पडाव_७१
वरसोली म्हणजे कोकण, मग बाई म्हणजे नटी मीनाक्षी शिरोडकर असणार. ‘ब्रह्मचारी’, १९३८. पोहण्याच्या पोशाखातल्या त्या एका गाण्याने केवढी खळबळ उडवली होती! तिथूनच सुरू करा, सगळे कान टवकारतील.

वरसोलीची_माई
अहो, अलिबागला दुसऱ्या कोणत्या बाई? सिनेमातल्या दुर्गाबाई खोटे! शेवटची वर्षं इथेच राहिल्या आणि २२ सप्टेंबर १९९१ ला गेल्या.

सुरूबन
ताई, अलिबागचं नाव तुम्ही आत्ता घेतलंत. आता हेही सांगा : ऐकायला कोण येणार? आणि काकूंचं ते वाक्य काय आहे?

पडाव_७१
मग सोपं आहे. पुरस्कारांनी सुरुवात करा. १९६८ पद्मश्री, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर. त्यानंतर ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई. दहा मिनिटं कशी गेली कळणार नाही.

तिरफळ
पुरस्कारांची यादी वाचायला लागलात की माणसं चहाकडे बघतात. माका विचारशात तर ‘बॉबी’तली आजी, मिसेस ब्रिगँझा. माझी आजी वेंगुर्ल्यात तो सिनेमा बघून इली आणि म्हणाली, ही म्हातारी आमच्या वाडयेतलीच दिसता. राणी आणि शेजारीण एकाच बाईने केली, यातच सगळं इला.

वरसोलीची_माई
ऐकायला बचत गटातल्या पंचवीसेक बायका, थोडी शाळेची मुलं आणि म्हातारी मंडळी. कोळीवाड्यातल्या बायकाही येणार आहेत.
काकूंचं वाक्य असं : ‘सिनेमात उतरलेली पहिली घरंदाज स्त्री.’

मीठागर
मग अडचण काय आहे? वाक्य चुकीचं नाही. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईतलं लाड आडनावाचं घर, वडील सॉलिसिटर, शिक्षण सेंट झेवियर्समध्ये, श्रीमंत खोट्यांकडे दिलेली. चांगल्या घरची बाई तोंडाला रंग लावणं ही त्या काळी नाचक्की होती. १९३१ ला ‘फरेबी जाल’मध्ये एवढंसं काम केलं तर लोकांनी काय काय ऐकवलं त्यांना! तो शब्द गाळलात तर त्यांनी काय सोसलं ते कळणारच नाही.

पडाव_७१
आणि त्या पडद्यावरच्या पहिल्याच स्त्री, हेही सांगा.

मीठागर
हे मात्र चूक. १९१३ च्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या. दुर्गाबाई कामत वेगळ्या, दुर्गाबाई खोटे वेगळ्या. भाषणात ही गल्लत झाली तर समोरून कुणीतरी उठून सांगेल, आधीच जपा.

रेवदंड्याची_सून
माई, साडी कोणती नेसणार? नऊवारी नेसा. आमच्या इथे एक बाई शिवलेली नऊवारी भाड्याने देतात, बटव्यासकट.

वरसोलीची_माई
साडीचं विचारलंच नव्हतं, पण धन्यवाद.
मीठागर, सांगते अडचण काय आहे ती. पहिल्या रांगेत आमच्या शेजारच्या आजी बसणार आहेत. तरुणपणी संगीत नाटकांत कामं केली त्यांनी, गावोगाव फिरल्या. गल्लीतल्या बायकांनी कित्येक वर्षं त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आता त्यांच्याच समोर उभं राहून मी ‘घरंदाज’ म्हणायचं? मग त्या कोण होत्या? हे आधी लिहायला हवं होतं, पण मला वाटलं शब्द वाचूनच कळेल.

सुरूबन
आता कळलं.

मीठागर
समजतंय मला. तरीही मी म्हणेन की शब्द ठेवा आणि तो कुणाचा होता ते सांगा. ‘लोक म्हणायचे, घरंदाज बायका सिनेमात जात नाहीत’ असं. म्हणजे शब्द लोकांच्या तोंडी राहील, तुमच्या नाही.

तिरफळ
त्यापेक्षा नकोच तो शब्द. नटी हंसा वाडकरांनी ‘सांगत्ये ऐका’ या आत्मचरित्रात आपलं आयुष्य उघडं करून ठेवलं, त्यांच्या कामाला काय कमी होतं? बाई कोणत्या घरातून आली यावर कामाचं मोल ठरवायचं दिवस संपू देत.

लाटांवर
मी वेगळंच सांगते. काम हाच धागा धरा. दुर्गाबाई हौसेने आल्या नाहीत. सासरचं वैभव ओसरलं, दोन लहान मुलगे पदरात, पुढे भर तारुण्यात वैधव्य. पोटासाठी काम धरलं. १९३२ ला प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त, मराठीतल्या पहिल्या बोलपटात, त्या तारामती झाल्या. व्ही. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे. ती राणी बाजारात विकायला उभी राहते, परक्याच्या घरी राबते. घर चालवायला बाहेर पडलेल्या बाईने ही भूमिका केली, याचा विचार करा!
आणि नट-नट्या कंपनीच्या महिन्याच्या पगारावर असायच्या त्या काळात ह्या एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. आज कोल्हापूर, उद्या कलकत्ता. ‘अमरज्योती’त समुद्रावरच्या चाच्यांची सरदारीण झाल्या. १९३७ ला ‘साथी’ स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला. म्हातारपणीही थांबल्या नाहीत, टीव्हीवरची ‘वागळे की दुनिया’ मालिका त्यांच्याच संस्थेची. बचत गटाच्या बायकांना हे लगेच कळेल, कोळणींना तर जास्तच. पहाटे टोपली घेऊन धक्क्यावर उभं राहणाऱ्या बाईला काम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

मीठागर
हे पटलं. पण लोकांनी बोल लावले ते गाळू नका. तिथेच तुमच्या आजींचा आणि बाईंचा रस्ता एक होतो.

पडाव_७१
शाळेची मुलं आहेत तर फाळके पुरस्कार तरी सांगा हो. मुलांना तेवढंच लक्षात राहतं.

वरसोलीची_माई
सांगेन, शेवटी एका ओळीत.
आत्ता हे लिहिलंय : ‘१९३२ साली एक राणी बाजारात उभी होती. ते काम करणाऱ्या बाईच्या घरी दोन मुलं होती. लोक म्हणत होते, शोभत नाही हे तुला. असं ज्यांना ज्यांना ऐकावं लागलं, त्यांच्यातल्या काही आज इथे बसल्या आहेत.’ आणि मग आजींकडे बघून थांबायचं. नाव घ्यायचं नाही. चालेल ना?

लाटांवर
चालेल. पण आधी घरी जाऊन आजींना विचारा. त्यांना नको असेल तर फक्त पहिली तीन वाक्यं ठेवा.

वरसोलीची_माई
विचारून आले. म्हणाल्या, ‘थांबायचं कशाला? नाव घे माझं.’

रेवदंड्याची_सून
कार्यक्रम किती वाजता? मुंबईहून माझी बहीण यायचं म्हणतेय. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची मांडव्याची रो-रो बोट पकडली तर पोचेल का?